शाखेकडून उत्तर येत नाही तेव्हा: एफपिंगची मांडणी

सांगलीतील एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात बसून जिल्हाभरातील १८ शाखांच्या लाइनी सांभाळण्याचे काम मी करतो. सकाळी पावणेदहाला जतहून फोन येतो, "साहेब, सॉफ्टवेअर उघडंना," आणि या एका वाक्यामागे निदान पाच निरनिराळी कारणे असू शकतात. शाखेची वीज गेलेली असते, मोडेम अडकलेला असतो, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली असते, व्हीपीएनची (इंटरनेटवरून शाखा व मुख्य कार्यालय यांना जोडणाऱ्या खासगी मार्गाची) जोडणी पडलेली असते, किंवा नुसती त्या काउंटरवरच्या संगणकाची केबल निघालेली असते. फोन येण्याआधीच यांपैकी काय घडले आहे याचा अंदाज यावा, यासाठी एफपिंग हे अनेक यंत्रे एकदम तपासणारे साधन कसे बसवावे आणि त्याची मांडणी कशी करावी, ते येथे सांगतो.

आधी लिपीबद्दल एक सूचना. येथे कमांड आणि त्यांचे पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ती अक्षरे आणि अंक इंग्रजीतच टंकायचे आहेत. अक्षर लहान घ्यायचे. जेथे मोठे हवे तेथे तसे सांगितले आहे आणि या साधनात तो फरक महत्त्वाचा आहे, कारण लहान सी आणि मोठे सी हे दोन वेगळे पर्याय आहेत.

पिंग हा मूळ प्रोग्राम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि पाणबुडी शोधताना सोनारमधून जो टणत्कार ऐकू येतो, त्यावरून त्याचे नाव ठेवले. त्याचे काम तेव्हा होते तेच आजही आहे: १९८१ साली ठरलेल्या आयसीएमपी या नियमावलीतील प्रकार ८ चे "एको रिक्वेस्ट" पॅकेट (माहितीचे छोटे पुडके) पाठवायचे, समोरून प्रकार ० चे "एको रिप्लाय" परत येते का पाहायचे आणि जाऊन येण्यास किती मिलिसेकंद लागले ते मोजायचे. पिंग एका वेळी एकाच पत्त्याकडे, म्हणजे नेटवर्कवरील एकाच यंत्राच्या क्रमांकाकडे, पाहते. शाखा तीन असतील तर तेवढ्यावर भागते. पण पन्नास पत्ते एकापाठोपाठ तपासायचे आणि त्यांतील प्रत्येक मेलेल्या पत्त्यापाशी काही सेकंद थांबायचे, असे केल्यास एक फेरी पुरी होईपर्यंत चहा निवतो. रोलंड शेमर्स यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्ड येथे लिहिलेले एफपिंग एकाला पॅकेट पाठवून त्याच्या उत्तराची वाट न पाहता पुढच्याकडे वळते आणि उत्तरे येतील तशी जुळवून घेते. या लेखापुरता दोघांमधील एवढाच फरक पुरेसा आहे.

साधन बसवणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली असलेल्या कोणत्याही जुन्या संगणकावर पुढील एक ओळ पुरते:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल एफपिंग

त्यानंतर "एफपिंग -व्ही" देऊन आवृत्ती ४ किंवा त्यापुढची असल्याची खात्री करून घ्यावी, कारण खाली सांगितलेल्या वेळेच्या गणितात जुन्या आवृत्त्या निराळ्या वागतात. सामान्य वापरकर्त्याला चालवताना "ऑपरेशन नॉट परमिटेड" असा संदेश आला, तर प्रोग्रामला कच्चे पॅकेट पाठवण्याची परवानगी मिळालेली नाही असे समजावे. ती "सेटकॅप" या कमांडने "कॅप_नेट_रॉ+ईपी" असे देऊन मिळवता येते. त्यासाठी सगळे काम रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवण्याची गरज नाही.

खरे काम पत्त्यांपासून सुरू होते. बाजारातून आणलेले बरेचसे राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात आणि घाईत सुरू केलेल्या शाखेत तो तसाच राहून जातो. मुख्य कार्यालयातही तोच पत्ता असेल, तर शाखेच्या राउटरला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच खोलीतील राउटर देतो आणि लाइन तुटलेली असतानाही शाखा ठणठणीत दिसते. आम्हाला हे एका शाखेच्या बाबतीत चक्क दोन दिवस कळले नव्हते. उत्तर अर्ध्या मिलिसेकंदात येत होते आणि सांगलीहून आटपाडीला जाऊन परत यायला एवढा कमी वेळ लागूच शकत नाही, हे लक्षात आल्यावर उलगडा झाला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरासाठी जाऊन येण्याला किमान १ मिलिसेकंद लागतो, आणि प्रत्यक्षातील लाइन बहुधा पुण्या-मुंबईला वळसा घालून येते. म्हणून प्रत्येक शाखेला तिचा पत्त्यांचा स्वतंत्र पट्टा द्यावा. आमच्याकडे तो १०.२०.१.०, १०.२०.२.० असा शाखेच्या क्रमांकानुसार आहे आणि प्रत्येक पट्ट्यातील पहिला पत्ता राउटरचा आहे.

आता यादी करू. एका शाखेसाठी एकच पत्ता नोंदवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे, कारण त्यातून फक्त "आहे" किंवा "नाही" एवढेच समजते. प्रत्येक शाखेचे तीन पत्ते घ्यावेत: पहिला सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेला बाहेरचा स्थिर पत्ता, दुसरा व्हीपीएनच्या आतून दिसणारा राउटरचा पत्ता आणि तिसरा शाखेच्या आतील, दिवसभर चालू असणाऱ्या एखाद्या यंत्राचा, उदाहरणार्थ नेटवर्क प्रिंटरचा. पहिला बोलतो पण दुसरा बोलत नाही, तेव्हा लाइन आहे आणि व्हीपीएन पडले आहे. पहिला आणि दुसरा दोन्ही गप्प असतील, तर लाइन किंवा वीज गेलेली आहे, आणि अशा वेळी प्रथम शाखेला फोन करून लाइट आहे का एवढेच विचारावे. दोन्ही बोलतात आणि तिसराच गप्प आहे, तेव्हा बिघाड शाखेच्या भिंतींच्या आत आहे आणि कंपनीकडे तक्रार नोंदवून उपयोग नाही. मोबाइल डोंगलवर चालणाऱ्या शाखांना बाहेरचा असा स्वतंत्र पत्ता मिळत नाही, त्यामुळे तेथे दोनच पत्त्यांवर भागवावे लागते. बाहेरच्या पत्त्यावर पिंगला उत्तर देण्याची मुभा राउटरच्या फायरवॉलमध्ये फक्त मुख्य कार्यालयाच्या पत्त्यापुरतीच ठेवावी.

यादीत नुसते आकडे लिहिले, तर रात्री अकरा वाजता १०.२०.१३.१ म्हणजे पलूस की विटा, हे आठवत बसावे लागते. नावे लिहिली आणि ती डीएनएसमधून (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतून) शोधली जात असतील, तर डीएनएस बंद पडताच सगळ्या शाखा एकदम अदृश्य होतात. यावर उपाय असा की, त्याच संगणकावरील "/ईटीसी/होस्ट्स" या फाइलमध्ये पत्त्यांना "विटा-बाहेर", "विटा-राउटर", "विटा-प्रिंटर" अशी नावे द्यावीत आणि यादीत तीच नावे वापरावीत, म्हणजे बाहेर कोणालाही विचारण्याची वेळ येत नाही. यादीच्या फाइलमध्ये एका ओळीवर एकच नाव असावे. एफपिंग ओळीतील फक्त पहिला शब्द वाचते आणि हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ सोडून देते, त्यामुळे नावाच्या पुढे थोडी जागा सोडून त्या लाइनचा ग्राहक क्रमांक लिहून ठेवता येतो. तक्रार करताना तोच आधी विचारतात. यादीत सगळ्यांत वर आपल्या स्वतःच्या राउटरचा आणि त्यापलीकडील कंपनीच्या गेटवेचा पत्ता घालावा. हे दोन गप्प असताना खालच्या ५४ पत्त्यांबद्दल साधन काय सांगते याला काहीच अर्थ नसतो.

यादी तयार झाली की हाताने पाहण्यासाठी पुढील कमांड पुरेशी आहे:

एफपिंग -यू < शाखा.टीएक्सटी

यू हा पर्याय फक्त उत्तर न देणाऱ्यांची नावे छापतो आणि ए हा फक्त उत्तर देणाऱ्यांची. काहीच न छापता कमांड संपली, तर सर्व शाखा चालू आहेत. प्रोग्राम संपताना मागे एक आकडाही ठेवून जातो: सगळे मिळाले तर ०, काही मिळाले नाहीत तर १ आणि एखाद्या नावाचा पत्ताच सापडला नाही तर २. स्क्रिप्ट (अशा कमांड आपोआप चालवणारी फाइल) लिहिणाऱ्याने १ आणि २ यांत गल्लत करू नये, कारण २ याचा अर्थ बहुधा यादीत टंकलेखनाची चूक आहे एवढाच असतो.

वेळेच्या पर्यायांपाशी मात्र थोडे थांबणे आवश्यक आहे. वरच्या साध्या पद्धतीत एफपिंग पहिल्या पॅकेटच्या उत्तरासाठी ५०० मिलिसेकंद थांबते. उत्तर आले नाही तर आणखी तीन वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी थांबण्याचा काळ दीडपट करते, म्हणजे ५००, ७५०, ११२५ आणि सुमारे १६८८. अशा रीतीने मेलेल्या पत्त्यावर एकूण ४ सेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो. हा वेळ मला जास्त वाटला, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत मी "-आर ०" देऊन पुन्हा प्रयत्न करणेच बंद केले. त्याच दिवसापासून शिराळा तालुक्यात डोंगराकडे असलेली आमची एक शाखा कायम बंद दिसू लागली आणि तेथील शाखाधिकारी मात्र फोनवर सांगत होते की, व्यवहार व्यवस्थित चालू आहेत. ती शाखा तेव्हा उपग्रहाच्या जोडणीवर होती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. पॅकेटला वर जाऊन खाली आणि उत्तराला पुन्हा वर जाऊन खाली, असे चार वेळा ते अंतर कापावे लागते, आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला सुमारे ४८० मिलिसेकंद लागतात. त्यात यंत्रांचा वेळ मिळवला की उत्तर ६०० च्या पुढे जाते, आणि ठरलेल्या वेळेनंतर आलेले उत्तर एफपिंग टाकून देते. यापूर्वी तीच शाखा चालू दिसत होती, ती दुसऱ्या प्रयत्नाला ७५० मिलिसेकंद मिळत होते म्हणून. दोष पहिल्यापासून होताच, फक्त पुन्हा केलेल्या प्रयत्नांनी तो झाकला होता.

म्हणून थांबण्याची वेळ आपल्या सर्वांत संथ लाइनीवरून ठरवावी. प्रत्येक शाखेला आधी एकदा "-मोठे सी २०" देऊन वीस उत्तरांचे वेळ सुटे सुटे पाहावेत, त्यांतील सर्वांत मोठा आकडा घ्यावा आणि त्याच्या दुप्पट वेळ टी या पर्यायाला द्यावी. दिवसभराच्या नोंदीसाठी आमची कमांड अशी आहे:

एफपिंग -क्यू -सी ५ -पी २००० -टी १५०० < शाखा.टीएक्सटी २>> नोंद.लॉग

सी ५ म्हणजे प्रत्येक पत्त्याला पाच पॅकेट. पी २००० म्हणजे एकाच पत्त्याला पाठवलेल्या दोन पॅकेटांमध्ये २ सेकंदांचे अंतर. क्यू म्हणजे प्रत्येक उत्तर न छापता शेवटी पत्त्यामागे एकच ओळ छापावी. टी हा पी पेक्षा कधीही मोठा ठेवू नये, कारण तसे केल्यास तो पूर्ण वेळ फक्त शेवटच्या पॅकेटलाच मिळू शकतो आणि निकाल विसंगत येतात. वेगवेगळ्या पत्त्यांकडे जाणाऱ्या लागोपाठच्या पॅकेटांमधील अंतर आय या पर्यायाने ठरते आणि मुळात ते १० मिलिसेकंद असते. ५६ पत्त्यांना ५६० मिलिसेकंद लागतात आणि ते २ सेकंदांत आरामात बसतात, त्यामुळे आम्ही त्याला हात लावलेला नाही.

वरच्या ओळीतील "२>>" हा छापखान्याचा दोष नव्हे. या पद्धतीत एफपिंग आपला सारांश नेहमीच्या मार्गाने न पाठवता चुकांसाठी असलेल्या मार्गाने बाहेर पाठवते. नुसते ">>" लिहिल्यास पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसते आणि फाइल मात्र रिकामी राहते. मी आठवडाभर कोरी फाइल जपून ठेवली होती, म्हणून हे आवर्जून सांगतो.

नोंदीतील ओळ साधारण अशी दिसते:

तासगाव-राउटर : एक्सएमटी/आरसीव्ही/%लॉस = ५/४/२०%, मिन/ॲव्हरेज/मॅक्स = १३.२/१५.८/२१.४

म्हणजे पाच पाठवली, चार परतली, एक हरवले. एकही परत आले नाही तर ओळ "५/०/१००%" येथेच संपते आणि वेळेचे आकडे येत नाहीत. स्क्रिप्ट ओळीचे तुकडे करून वाचत असेल, तर याची आधीच तरतूद करावी. ओळीत वेळ नोंदलेली नसते, म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फेरीपूर्वी "डेट" या कमांडने तारीख व वेळ लिहून घ्यावी आणि त्या संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेले ठेवावे.

ही स्क्रिप्ट दर ५ मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चालवावी. क्रॉनला प्रोग्राम शोधण्याचे फार थोडे मार्ग माहीत असतात, त्यामुळे एफपिंगचा पूर्ण मार्ग लिहावा. डेबियनवर तो "/यूएसआर/बिन/एफपिंग" असा आहे. क्रॉनच्या ओळीतच तारखेसाठी टक्केचिन्ह वापरू नये, कारण क्रॉन त्या चिन्हापाशी ओळ तोडते. जे काही लिहायचे ते स्क्रिप्टमध्ये लिहावे आणि क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचे नाव द्यावे.

सूचना केव्हा द्यायची, हा प्रश्न तांत्रिक कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. एक पॅकेट हरवले की मोबाइलवर संदेश, अशी व्यवस्था केली तर वळवाच्या दिवसांत संध्याकाळी फोन खाली ठेवता येत नाही आणि चौथ्या दिवशी त्या संदेशांकडे कोणी पाहत नाही. सांगलीकराला दोन पातळ्यांची पद्धत समजावून सांगावी लागत नाही: आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा असतो आणि ४५ फुटांवर धोका, आणि दोन्ही वेळी करायची कामे वेगळी असतात. येथेही तसेच करावे. पाचांपैकी एक हरवले तर फक्त नोंद ठेवावी. दोन किंवा अधिक हरवणे सलग दोन फेऱ्या चालले, तर तो इशारा समजून दिवसातून एकदा एकत्र पाहावा; बहुधा एखादा सैल जोड किंवा दुपारच्या वेळी भरून वाहणारी लाइन सापडते. सलग तीन फेऱ्यांत एकही उत्तर आले नाही, म्हणजे किमान दहा मिनिटे शाखा गप्प आहे, तरच मोबाइलवर संदेश पाठवावा. मात्र यादीच्या वरचे आपले स्वतःचे दोन पत्ते गप्प असतील, तर शाखांबद्दलचे सर्व संदेश रोखून एकच संदेश द्यावा. ही शेवटची अट नसल्यामुळे आमच्याच कार्यालयातील स्विच बंद पडला तेव्हा मला लागोपाठ ५४ संदेश आले होते.

आता राहिला गप्प बसण्याचा अर्थ. उत्तर न येणे म्हणजे यंत्र बंद असणे नव्हे. विंडोजचा संगणक सार्वजनिक नेटवर्क अशा वर्गात टाकलेला असेल, तर त्याची फायरवॉल एको रिक्वेस्ट मुकाट्याने टाकून देते आणि काउंटरवर काम जोरात चालू असतानाही तो मेलेला दिसतो. तिसरा पत्ता प्रिंटरचा घ्यावा असे वर सुचवले ते यासाठीच. संगणक त्याच खोलीत, त्याच पट्ट्यात असेल, तर एक खूण हमखास उपयोगी पडते: पिंग करून लगेच "आयपी नेबर" ही कमांड द्यावी. यादीत त्या पत्त्यापुढे त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला, तर यंत्र चालू आहे आणि फक्त पिंगला बोलत नाही, कारण एआरपीला (पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणाऱ्या प्रश्नाला) उत्तर दिल्याशिवाय त्याला नेटवर्कवर कामच करता येत नाही. तेथे "फेल्ड" असे दिसले, तर केबलकडे किंवा विजेकडे पाहावे.

याच्या उलट फसवणूकही होते. शाखेतील कर्मचारी विंडोजमधील पिंग चालवून सांगतात, "चार गेली, चार आली, लॉस शून्य," आणि तरीही पलीकडे काही चालत नसते. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" हा निरोप स्वतःच्या संगणकाने किंवा वाटेतल्या राउटरने दिलेला असला, तरी विंडोज त्याची गणना मिळालेल्या उत्तरांत करते. म्हणून फोनवर शेवटची टक्केवारी विचारू नये. मधली एक ओळ अक्षरशः वाचून दाखवायला सांगावी. त्या ओळीत टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकते तो आकडा) असेल तरच ते खरे उत्तर होय. हा टीटीएल लिनक्सवर आधारित यंत्रांत बहुधा ६४ पासून आणि विंडोजमध्ये १२८ पासून सुरू होऊन वाटेतील प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो. राउटरकडून नेहमी ६२ येत असताना एके दिवशी १२६ आले, तर कोणीतरी राउटरचाच पत्ता एखाद्या संगणकाला देऊन ठेवला आहे, अशी शंका घ्यावी.

एक शेवटची अडचण अशी आहे की जी नेहमीच्या पिंगमध्ये कधीच दिसत नाही. शाखेची सर्व उत्तरे वेळेत येतात, लॉगिनचा पडदा उघडतो, पण खातेउतारा मागितला की चाक फिरतच राहते. नेहमीचे पिंग ५६ बाइटचे असते आणि ते कोणत्याही बोळातून निघून जाते. उताऱ्याची पॅकेट मात्र पूर्ण भरलेली असतात. साध्या इथरनेटवर पॅकेटची मर्यादा १५०० बाइट असते, पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन सुरू होणाऱ्या ब्रॉडबँड) जोडणीवर ती १४९२ होते आणि व्हीपीएनमध्ये आणखी खाली येते. तपासण्यासाठी बी या पर्यायाने आकार वाढवावा आणि मोठे एम देऊन पॅकेटचे तुकडे करण्यास मनाई करावी:

एफपिंग -सी ५ -बी १४६४ -मोठे एम जत-राउटर

येथे १४६४ हा आकडा १४९२ मधून २० बाइटचे आयपी शीर्ष आणि ८ बाइटचे आयसीएमपी शीर्ष वजा करून आला आहे. एवढे गेले नाही, तर १४०० करावे, मग १३५०, आणि ज्या आकड्याला पाचही उत्तरे येतील त्यात पुन्हा २८ मिळवून ती मर्यादा शाखेच्या राउटरवर व्हीपीएनच्या जोडणीसाठी नोंदवावी. ही अडचण बहुतेक वेळा कोणीतरी सुरक्षिततेच्या नावाखाली वाटेत सगळेच आयसीएमपी बंद केल्यामुळे येते. "पॅकेट मोठे आहे, तुकडे करून पाठव" हा निरोपही आयसीएमपीचाच असतो, प्रकार ३, कोड ४, आणि तोच अडवला गेल्यामुळे पाठवणाऱ्याला काही समजत नाही. फायरवॉलमध्ये एको रिक्वेस्ट निवडक पत्त्यांपुरती मर्यादित ठेवावी, पण प्रकार ३ सर्वांसाठी खुला ठेवावा. जतच्या शाखेत हा आकडा १३८० निघाला. तो राउटरवर नोंदवल्यानंतर त्याच दुपारी उतारे छापले जाऊ लागले.